एकटीच? हो, एकटीच!

*लिस्बन ते नेपल्स. बावीस दिवस, आठ किलोची सॅक आणि सोबतीला कुणीही नाही. दक्षिण युरोपातल्या पहिल्यावहिल्या सोलो ट्रीपचा हा लेखाजोखा.*

मराठी घरात ‘युरोप टूर’चा अर्थ ठरलेला असतो. बारा दिवस, आठ देश, एक एसी बस आणि खिडकीच्या सीटवरून दोन कुटुंबांत धुमसणारं शीतयुद्ध. टूर मॅनेजर झेंडी घेऊन पुढे, त्याच्यामागे तीस-पस्तीस टोप्या. स्विस आल्प्सच्या साक्षीनं चिवड्याचा डबा फिरतो आणि रात्री न चुकता वरण-भात. यात वाईट काहीच नाही. माझे मावशी-काका असेच जाऊन आले आणि आजही अल्बम उघडला की दोघांचे डोळे चमकतात. पण आपल्या वयाचं काय? पायात ताकद आहे, खिशात (थोडे) पैसे आहेत आणि सकाळी साडेसहाला लॉबीत हजर राहायची अजिबात इच्छा नाही. अशा माणसानं काय करायचं?

सॅक उचलायची. दुसरं काय!

फक्त एक तयारी ठेवा. ‘एकटीच?’ हा प्रश्न तुम्हाला इतक्यांदा विचारला जाईल की त्याच्या चाली पाठ होतील. आत्या विचारते त्यात काळजी असते. बँकेतला माणूस फॉरेक्स कार्ड देताना विचारतो, त्यात कुतूहल. मैत्रिणी विचारतात तेव्हा थोडा हेवा असतो आणि आई विचारते ती प्रश्नचिन्ह न लावताच. ‘एकटीच जाणार म्हणे.’ संपलं. पुढचे दोन दिवस स्वयंपाकघरात फक्त भांड्यांचा आवाज.

आधी व्हिसा, मग स्वप्नं

दक्षिण युरोपच का? एक तर उत्तरेच्या मानानं स्वस्त. थंडी कमी. लोक बोलके. आणि पोर्तुगाल, स्पेन, इटली हे तिन्ही देश एकाच शेंगेन व्हिसावर होतात. १९८५ साली लक्झेंबर्गमधल्या शेंगेन नावाच्या छोट्याशा गावात हा करार झाला, म्हणून हे नाव. आज २९ देश त्यात आहेत.

व्हिसाचं गणित सोपं आहे, कागद मात्र ढीगभर. ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार, त्याच्याकडे अर्ज करायचा. माझे स्पेनमध्ये अकरा दिवस होते, म्हणून स्पेन. फी ९० युरो (जून २०२४ मध्ये ८० वरून वाढली) आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. किमान ३० हजार युरोंचा मेडिकल इन्शुरन्स सक्तीचा. ऑफिसात नोकरी असेल तर सॅलरी स्लिप आणि रजेचं पत्र द्यायचं की काम झालं. फ्रीलान्सरकडे यातलं काहीच नसतं! मी तीन वर्षांचे इन्कम टॅक्स रिटर्न, बँक स्टेटमेंट आणि छापून आलेल्या लेखांची चळत घेऊन गेले. काउंटरवरच्या बाईंनी फाइल चाळली, मान वर केली आणि विचारलं, ‘‘ट्रॅव्हलिंग अलोन?’’

बाराव्या दिवशी पासपोर्ट परत आला. आत व्हिसा होता. आईनं तो उजेडात धरून बघितला आणि म्हणाली, ‘‘फोटो किती वाईट आलाय गं तुझा!’’ ही परवानगी होती.

लिस्बन : बटाटा, चावी, बादली

लिस्बन टेकड्यांवर वसलंय आणि टेकड्यांवर गुळगुळीत दगडांचे छोटे छोटे तुकडे बसवलेत. या फुटपाथांवर चाकांच्या बॅगा ओढणाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. खड्-खड्-खड्-खड्. सॅकवाल्यांनी तिथं मिजाशीत पुढं निघून जायचं.

माझं हॉस्टेल म्हणजे जुन्या इमारतीचा चौथा मजला, लिफ्ट नाही. आठ बेडची मुलींची डॉर्म, प्रत्येक बेडला पडदा, दिवा आणि खाली लॉकर. कुलूप आपलं आपण न्यायचं. पहिल्या रात्री मी पडदा ओढून छताकडे बघत पडले होते. वरच्या बंकवर कुणीतरी कोरियन भाषेत झोपेत बोलत होतं. मला मात्र झोप नाही. घरात सगळे झोपलेले, फोन करायला कुणी नाही, सात हजार किलोमीटरच्या परिघात मला नावानं ओळखणारं एकही माणूस नाही. भीती वाटली का? जाम वाटली. सकाळी मात्र भूक लागली आणि भुकेनं भीतीला बरोब्बर बाजूला ढकललं.

कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटमध्ये शिरले आणि हसूच फुटलं. बटाट्यांच्या ढिगावर पाटी : ‘बटाटा’! शेजारी ‘अननस’. ब्रेडला म्हणतात ‘पांव’, आपल्यासारखंच नाकातून. काजू म्हणजे काजू. बादली त्यांच्या ‘बाल्द’वरून आली, चावी ‘शाव’वरून, आणि परातसुद्धा तिथलीच. पोर्तुगीजांनी गोव्यात साडेचारशे वर्षं मुक्काम ठोकला, वसईत किल्ला बांधला, १६६१ च्या तहात मुंबई इंग्रजांना हुंड्यात देऊन टाकली आणि जाता जाता आपल्या स्वयंपाकघरात आणि मोरीत एवढे शब्द ठेवून गेले. परक्या देशातली पहिली खरेदी अशी बोटानं पाट्या वाचत, मराठीत झाली.

बेलेममध्ये जेरोनिमोस मठात वास्को द गामाची कबर आहे. शाळेत पाच मार्कांच्या उत्तरात भेटलेला हा गृहस्थ इथे संगमरवरात हात जोडून झोपलाय. १४९८ मध्ये तो कालिकतला पोचला, १५२४ मध्ये कोचीनलाच वारला आणि नंतर त्याच्या अस्थी इकडे आणल्या. शेजारी एक फ्रेंच जोडपं आदरानं कुजबुजत होतं. मला काय वाटावं हेच कळेना. गोवा १९६१ पर्यंत यांच्याकडे होता. आणि याच देशाचे २०१५ ते २०२४ या काळातले पंतप्रधान अँतोनियो कोस्ता हे गोव्याशी नातं सांगणाऱ्या घरातले, घरी त्यांना ‘बाबूश’ म्हणतात! इतिहास असा कुठून कुठे फिरून येतो. मठाजवळच १८३७ पासून चालणारं पेस्ट्रीचं प्रसिद्ध दुकान आहे. तिथं गरम पास्तेल द नाता खाल्ल्या (कस्टर्डची वाटीच म्हणा ना), वर दालचिनी भुरभुरली आणि तो विषय तूर्तास मिटवला.

पण लिस्बनमधलं सगळ्यात लक्षात राहिलेलं संभाषण झालं ते मार्टिम मोनिझ भागात. इथल्या गल्ल्यांमध्ये बांगलादेशी, नेपाळी, पंजाबी दुकानं आहेत. हळद, मॅगी, फोन कार्ड, सगळं. एका दुकानात मी हिंदीत पाणी मागितलं तसा मालक खूश. कुठून आलीस, काय काम करतेस? मी म्हटलं, ‘‘फिरायला आलेय.’’ तो थांबला. ‘‘सिर्फ घूमने?’’ त्याचे कागद अडकले होते. चार वर्षांत तो घरी गेलेला नव्हता, धाकट्या मुलीला त्यानं फक्त व्हिडीओ कॉलवर पाहिलं होतं. २०२४ मध्ये पोर्तुगालच्या इमिग्रेशन खात्यात सुमारे चार लाख अर्ज पडून होते, त्यातला एक याचा. याच भागातल्या रुआ दो बेंफोर्मोझोमध्ये डिसेंबर २०२४ मध्ये पोलिसांनी रस्त्यावरच्या लोकांना भिंतीकडे तोंड करून रांगेत उभं केलं होतं. त्यावर देशभर गदारोळ झाला.

त्यानं पाण्याचे पैसे घेतले नाहीत. बाहेर पडले आणि पहिल्यांदा जाणवलं, की आमचा रंग एकच, भाषा जवळची, पण माझ्या पासपोर्टातल्या एका स्टिकरमुळे मी ‘टूरिस्ट’ आहे. एकटं फिरणं ही हिंमत वगैरे आहेच, पण आधी ती चैन आहे. हे लक्षात असलेलं बरं.

सेविया : रात्रीची प्रॅक्टिस

लिस्बनहून सेवियाला थेट ट्रेन नाही. बस सहा-सात तास घेते. दोन देशांची सीमा म्हणजे ग्वादियाना नदीवरचा पूल. मी पासपोर्ट हातात घेऊन सावरून बसले. पूल आला, पूल गेला. फोनवर ‘स्पेनमध्ये स्वागत’चा मेसेज आला आणि घड्याळ एक तास पुढे सरकलं. झालं! एवढीच बॉर्डर. जिच्यासाठी मी तीन वर्षांचे टॅक्स रिटर्न झेरॉक्स केले होते!

मार्चमध्ये सेवियात शिरलं की पहिलं स्वागत नाक करतं. रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना कडू संत्र्यांची झाडं, त्यावर पांढरी फुलं. मोगरा आणि लिंबाची पानं एकत्र चुरगाळल्यासारखा वास. संपूर्ण शहराला कुणीतरी अत्तर लावून ठेवलंय. (हेच शहर जुलै-ऑगस्टमध्ये चाळिशीपार तापतं, तेव्हा तारखा जपून निवडा.)

कॅथेड्रलमध्ये कोलंबसची कबर. चार पुतळ्यांनी ती खांद्यावर उचलून धरलीय. म्हणजे बघा, ज्याला भारत सापडला तो लिस्बनमध्ये आणि ज्याला नाही सापडला तो सेवियात! शेजारचा हिराल्दा मनोरा एके काळी मशिदीचा मिनार होता. वर जायला पायऱ्या नाहीत, उतार आहेत, कारण बांग देणारा घोड्यावरून वर जात असे म्हणतात. आपण आपले पायी.

सेवियातला प्रश्न होता संध्याकाळचा. स्पेनमध्ये रात्रीचं जेवण नऊनंतर. तोवर गल्लीतल्या प्रत्येक टेबलाभोवती पाच-सहा जणांचा घोळका, हातवारे, हसणं, ताटल्या. आणि आपण एकटे. दिवसा एकटं असणं सोपं असतं हो. दिवसा आपण ‘प्रवासी’ असतो. रात्री साडेआठला, उजळलेल्या रस्त्यावर, ‘टेबल फॉर वन’ म्हणताना आपण नुसतेच एकटे असतो. पहिल्या दिवशी मी हॉटेलं बाहेरूनच बघत तीन चकरा मारल्या आणि शेवटी केळी घेऊन हॉस्टेलवर आले.

दुसऱ्या दिवशी उपाय सापडला : टेबल मागायचंच नाही. बारच्या काउंटरपाशी उभं राहायचं. तिथं सगळेच एकेकटे येतात. शेजारच्या आजोबांनी माझा गोंधळ बघून स्वतःच्या बशीकडे बोट दाखवलं. पालक आणि हरभऱ्यांची भाजी, जिरं घातलेली! एस्पिनाकास कोन गारबान्सोस. पहिला घास आणि थेट घर. शाकाहाऱ्यांनो, हे नाव पाठ करा. कारण ‘मांस नको’ म्हटलं तरी वर हॅमचे तुकडे भुरभुरून येऊ शकतात. अनेकांच्या लेखी हॅम म्हणजे मांस नव्हेच.

त्या रात्री परतताना एका गल्लीत गर्दी दिसली. तीसेक पोरं एका लाकडी सांगाड्याखाली शिरली होती. वर वजनं लादलेली. पुढे एक माणूस ठोका देई, की सगळे एका दमात उठत आणि तालात, अगदी छोटी छोटी पावलं टाकत पुढे सरकत. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात सेवियात मूर्तींचे अवजड मखर खांद्या-मानेवर वाहून नेतात. त्याची ही तालीम. पुण्यात नदीकाठी पथकांची ढोल-ताशाची प्रॅक्टिस चालते ना, सेम टू सेम! आया बाकड्यावर बसलेल्या, छोटी पोरं मागे मागे पळतायत, एक जण घाम पुसत सिगरेट ओढतोय. मी अर्धा तास त्या सांगाड्याच्या मागून चालत राहिले. कुणी विचारलं नाही एकटीच का म्हणून. गर्दीत चालणाऱ्याला कोण विचारतं?

ग्रनाडा : वेळेवर या!

अल्हम्ब्राचं तिकीट काही आठवडे आधी काढावं लागतं. त्यावर आपलं नाव आणि नासरीद महालात शिरायची नेमकी वेळ. वेळ चुकली तर त्या महालात प्रवेश नाही. पासपोर्ट जवळ हवाच. आमच्या ऑफिसांनी इतका कडकपणा दाखवला असता तर निम्मा महाराष्ट्र घरी बसला असता.

पण आत गेल्यावर सगळं माफ. भिंतींवर कोरलेली अक्षरं आणि कविता, बारा सिंहांच्या पाठीवरचं कारंजं, पाण्यात उलटे उभे असलेले मनोरे. २ जानेवारी १४९२ ला इथल्या शेवटच्या मुस्लिम राजानं शहराच्या किल्ल्या कॅथलिक राजाराणीच्या हवाली केल्या. त्याच वर्षी कोलंबस निघाला. एका बाजूला एक जग मिटत होतं, दुसऱ्या बाजूला एक उघडत होतं, आणि दोन्ही आदेशांवर सही त्याच राजाराणीची.

संध्याकाळी समोरच्या आल्बायसिन टेकडीवर सान निकोलासच्या कट्ट्यावर सगळं जग जमतं. समोर लालसर अल्हम्ब्रा, मागे सिएरा नेवाडाचा बर्फ. इथं भेटली आमच्या डॉर्ममधली जर्मन आजी. वय ६८, पाठीवर सॅक, पायात आमच्यासारखेच बूट. नवरा गेल्यावर पहिल्यांदाच एकटी निघालेली. मी तिला विचारलं, एकटं वाटत नाही का? ती म्हणाली, ‘‘वाटतं ना. रोज संध्याकाळी सहा ते आठ. मग जेवते.’’

मला हे उत्तर फार आवडलं. सोलो ट्रॅव्हलवरच्या चकचकीत लेखांत ‘स्वतःला शोधणं’ वगैरे असतं. इथे एका बाईनं एकटेपणाला वेळापत्रक लावून दिलं होतं. आम्ही दोघी मिळून जेवायला गेलो. ग्रनाडात आजही बऱ्याच ठिकाणी पेयाबरोबर छोटी डिश फुकट येते. दोन लिंबू सोडा, दोन बशा, बिल एकदम किरकोळ. तिला तिच्या नवऱ्याबद्दल बोलायचं होतं आणि मला माझ्या आईबद्दल. कुणीच कुणाला सल्ला दिला नाही.

बार्सिलोना : कोण म्हणतं या?

ग्रनाडाहून बार्सिलोना ट्रेननं साडेसहा तास. शहर देखणं आहे यात वाद नाही. गाउदीची सग्रादा फामिलिया १८८२ पासून बांधली जातेय. १९२६ मध्ये ट्रामच्या धडकेत गाउदी गेला आणि काम पुढच्या पिढ्यांनी नेलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते जगातलं सगळ्यात उंच चर्च ठरलं. आत दुपारच्या उन्हात रंगीत काचांतून जो प्रकाश पडतो त्यात उभं राहिल्यावर फोन खिशात ठेवावासा वाटतो. मी ठेवलाही. पाच मिनिटं.

पण बाहेर भिंतींवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं : ‘टूरिस्ट गो होम’. जुलै २०२४ मध्ये इथल्या मोर्चेकऱ्यांनी हॉटेलांबाहेर बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या होत्या. आपल्याला रंगपंचमी वाटेल, त्यांचा प्रश्न गंभीर आहे. २०२४ मध्ये स्पेनमध्ये ९ कोटी ३८ लाख परदेशी पर्यटक आले. देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या आतबाहेर. फ्लॅट पर्यटकांना दिले की जास्त पैसे मिळतात, मग तिथल्या तरुणांनी भाड्यानं राहायचं कुठे? शहराच्या महापौरांनी २०२४ मध्ये जाहीर केलं, की २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत असे दहा हजारांहून जास्त टूरिस्ट फ्लॅट बंद करणार. मुंबईत घर शोधलेल्या कुणालाही हा राग परका वाटणार नाही. म्हणून एवढं तरी करावं : फ्लॅटऐवजी हॉस्टेल घ्यावं, दोन दिवसांऐवजी चार दिवस राहावं आणि रात्री बाराला जिन्यात गाणी म्हणू नयेत.

भीतीची एक गोष्टही इथलीच. रात्री दहाला मेट्रोतून बाहेर पडले आणि एक माणूस मागे यायला लागला. मी रस्ता ओलांडला, त्यानंही ओलांडला. मी थांबले, तो थांबला. कळलं. मुंबईच्या लोकलनं शिकवलेलं सगळं अंगात एकदम जागं झालं. सॅक पुढे घेतली, उजेडाच्या बाजूला सरकले आणि उघड्या दिसलेल्या पहिल्या फार्मसीत शिरले. काउंटरवरच्या बाईंना इंग्रजी येत नव्हतं, मला स्पॅनिश. मी दाराकडे बोट केलं. त्यांनी बाहेर बघितलं, एक शब्द न बोलता मला आत, काउंटरच्या मागे घेतलं आणि स्वतः दारात जाऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. दहा मिनिटांनी तो माणूस गेला. मग त्या माझ्याबरोबर हॉस्टेलच्या दारापर्यंत चालत आल्या.

हे आईला सांगायचं की नाही? मी सांगितलं. सगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तिनं विचारलं, ‘‘त्या बाईंना थँक्यू म्हणालीस का नीट?’’ मी मिठाई घेऊन परत फार्मसीत गेले, तर त्यांची सुट्टी होती. डबा ठेवून आले. त्यानंतर आईच्या फोनमध्ये एक फरक पडला. आधी पहिला प्रश्न असायचा ‘कुठे आहेस?’ आता तो झाला ‘आज काय बघितलंस?’

रात्रभर समुद्र

बार्सिलोनाहून इटलीतल्या चिवितावेक्कियाला बोट जाते. सुमारे वीस तास. विमान दोन तासांत पोचवतं, पण मग भूमध्य समुद्र बघायचा कधी? केबिन महाग, म्हणून मी साधी खुर्ची घेतली. सहप्रवासी बहुतेक ट्रकवाले. ते सराईतपणे स्लीपिंग बॅग पसरून घोरायला लागले. मी डेकवर. मागे शहराचे दिवे छोटे होत गेले आणि फोनची रेंज गेली. वीस तास मेसेज नाही, लोकेशन नाही, स्टेटस नाही. पहिल्या रात्री लिस्बनमध्ये याच गोष्टीनं झोप उडवली होती. इथं मी जॅकेट गुंडाळून डेकवरच्या बाकावर दोन तास बसले आणि काहीही करायचं नव्हतं, याचं मला भयंकर सुख वाटलं. मधल्या सोळा दिवसांत नेमकं काय झालं ते सांगता येत नाही. बहुधा सहा ते आठ हे दोन तास काढायची सवय झाली.

नेपल्स : आपलंच गिरगाव

रोममध्ये एक रात्र काढून नेपल्स. आणि नेपल्समध्ये पाऊल टाकताच हुश्श झालं! एका स्कूटरवर तिघं, हेल्मेट हँडलला. समोरासमोरच्या गॅलऱ्यांमधून दोऱ्या, दोऱ्यांवर चादरी. तिसऱ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली खाली येते, त्यात भाजी पडते, टोपली वर जाते. रस्त्याच्या कोपऱ्यावर देवळी, त्यात मेरीसमोर दिवा. आणि तिच्याइतक्याच भक्तिभावानं भिंतीवर रंगवलेला मॅराडोना! त्यानं १९८७ आणि १९९० मध्ये नापोलीला लीग जिंकून दिली. पुढचं विजेतेपद यायला २०२३ उजाडलं, मग २०२५. २०२० मध्ये तो गेल्यावर स्टेडियमलाच त्याचं नाव दिलं.

इथे पिझ्झा ‘मारिनारा’ मागवा. टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, तेल. चीज नाहीच. नेपल्सची पिझ्झा बनवायची कला २०१७ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे, आणि पहिल्या घासाला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. कॉफी मात्र बसून नको, काउंटरला उभं राहून प्यायची. स्वस्त पडते आणि दोन घोटांत संपते. इथल्या जुन्या बारमध्ये एक रीत आहे : ‘काफे सोस्पेझो’. आपली एक कॉफी प्यायची, पैसे दोनचे द्यायचे. दुसरी कॉफी नंतर येणाऱ्या, पैसे नसलेल्या कुणा अनोळखी माणसासाठी. मी दिले. लिस्बनच्या पाण्याच्या बाटलीचा हिशेब कुठेतरी तर चुकता करायला हवा होता.

पॉम्पेईला लोकल ट्रेननं जाता येतं, आणि ती लोकल अगदी आपल्या लोकलइतकीच भरलेली असते. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडलं गेलेलं हे शहर. (नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २० हजार लोकांचीच मर्यादा आहे, तिकीट नावानिशी.) रस्त्यातल्या दगडांवर रथांच्या चाकांचे चरे. रस्ता ओलांडायला उंच दगड. आणि नाक्या-नाक्यावर दगडी ओटे, त्यात गोल खड्डे, खड्ड्यांत ठेवलेले माठ. गरम खाणं विकायची ही दुकानं. कामावरून आलेली माणसं इथे उभ्या उभ्या खायची. आपलं उडप्याचं हॉटेलच! त्या ओट्यापाशी उभी राहून मी सँडविच काढणार होते, पण गार्डनं बोट हलवलं. बरोबर आहे. दोन हजार वर्षांनी ऑर्डर देऊन काय उपयोग!

हिशेब

बावीस दिवसांचा खर्च? विमान, व्हिसा, इन्शुरन्स धरून सव्वादोन लाख. त्यातले विमानाचे साठ हजार आणि व्हिसा-इन्शुरन्सचे पंधरा सोडले तर रोजचे साधारण ६५-७० युरो. २०२५ मध्ये युरोनं शंभर रुपयांची पातळी ओलांडली, तेव्हा गुणाकार सोपा झालाय आणि खिसा हलका. या पैशांत चांगली सेकंड हँड बाइक येते, किंवा एखाद्या फ्लॅटच्या बाथरूमची एक टाइल. मी दीड वर्ष साठवले. बाहेरचं जेवण कमी केलं, दोन लग्नांत एकच साडी नेसले.

सॅक भरण्याआधी

- सॅक ८ ते १० किलोच्या वर नको. तीन कपड्यांच्या जोड्या, एक कुलूप, एक स्लिपर आणि दोरी. दोरी लागतेच.
- शेंगेनमध्ये १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. व्हिसावर दिलेले दिवस नीट मोजा.
- ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी यंत्रणा टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. पहिल्या एन्ट्रीला वेळ हाताशी ठेवा.
- इमर्जन्सीला ११२. युरोपियन युनियनमध्ये सगळीकडे हाच नंबर, फुकट.
- इटलीत रिजनल ट्रेनचं कागदी तिकीट चढण्याआधी मशीनमध्ये पंच करा, नाहीतर दंड.
- पासपोर्टची झेरॉक्स वेगळ्या खिशात आणि फोटो आईच्या फोनमध्ये.
- संध्याकाळी सहा ते आठ जड जाईल. मग जेवा.

तर मग? पासपोर्ट कुठल्या कपाटात ठेवलाय, आठवतंय ना? ‘एकटीच?’ असं कुणी विचारलंच, तर वाद घालू नका. ‘हो’ म्हणा आणि रजेचा अर्ज भरायला घ्या.